फॅरो: दर तिसऱ्या वर्षी गाव उपाशी पडतं, पिरॅमिड अर्धाच राहतो

रानजाई | रविवार, रात्री 11:52

नमस्कार मंडळी. प्रश्न फॅरो या खेळाबद्दल आहे आणि थोडा लांब आहे. हिशोब मांडल्याशिवाय तो नीट कळणार नाही.

2001 साली मी बारावीत होते. मावसभावाने या खेळाची सीडी आणली होती. मूळ खेळ 1999 चा, इम्प्रेशन्स गेम्सने बनवलेला आणि सिएराने बाजारात आणलेला. नाईलच्या काठावर चार झोपड्यांपासून सुरुवात करायची, शेती लावायची, कुंभार, विणकर, बिअर बनवणारे बसवायचे आणि तिथून पिरॅमिडपर्यंत पोचायचं. आमच्या घरी तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. सुट्टीत मावशीकडे गेले की मिळेल तेवढं खेळायचे, आणि सुट्टी संपायची तेव्हा गाव कुठेतरी मधेच असायचं. पिरॅमिड मी कधीच पुरा केला नाही. 2023 ला याची नवी आवृत्ती आली, 'अ न्यू एरा'. चित्रं नव्याने काढलेली, पण आतला खेळ तोच. या दिवाळीत ती मी स्वतःसाठी घेतली.

बारामतीत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. शटर ओढून, गल्ला मोजून झाला की तासभर खेळते. दुकानाची वही ठेवते तशीच या गावाचीही ठेवली आहे, तीच इथे देते.

मोहिमेतला नाही, मोकळा नकाशा घेतला आहे. शेवटी पायऱ्यांचा पिरॅमिड उभा करायचाय. पहिल्या वर्षी वस्ती 900, पूरपट्ट्यात, म्हणजे नाईल दरवर्षी चढून गाळ टाकते त्या जमिनीत, धान्याची सहा शेतं, पूर उत्तम. सुगीनंतर ग्रॅनरीत, म्हणजे धान्याच्या कोठारात, 14 महिने पुरेल इतकं धान्य होतं. दुसऱ्या वर्षी वस्ती 1,700 झाली, दोन शेतं वाढवली, पूर चांगला आला, सुगीनंतर 11 महिन्यांचा साठा. पिरॅमिडचा पाया याच वर्षी घातला. तिसऱ्या वर्षी वस्ती 2,400, शेतं आठच, पूर मध्यम, आणि सुगीनंतर साठा फक्त पाच महिन्यांचा. सहाव्या महिन्यात बझार रिकामे. घरं दर्जाने एकेक पायरी खाली उतरली, माणसं गाठोडी उचलून चालू लागली. माणसं गेली म्हणून फायरहाऊसला कामगार नाहीत, मग आग. पिरॅमिडची पहिली पायरी तशीच राहिली.

असं तीनदा झालं. दर वेळी नवीन गाव, आणि दर वेळी तिसरं वर्ष.

बाकीची माहिती: वर्क कॅम्प तीन, तिन्ही पिरॅमिडजवळ, कारण दगड ओढायला माणसं तिथूनच निघतात. देवळं प्ताह देवाची दोन आणि सूर्यदेव 'रा' याचं एक. ओसिरिससाठी छोटी देवस्थानं दोन. सोन्याची खाण आहे, त्यामुळे पैशाला कमी नाही. खजिन्यात पैसा असताना गाव उपाशी पडतं, तेच मनाला लागतं.

अवघडपणाची पातळी खाली आणायची नाही. याच काठावर, याच पुरावर तो पिरॅमिड उभा राहिलेला मला बघायचाय. माझं कुठे चुकतंय?

निशाचर_24 | सोमवार, रात्री 12:31

ताई, रस्ते कसे आखलेत ते लिहिलं नाहीत. नव्वद टक्के गावं तिथेच मरतात. या खेळात बझारची विक्रेती, पुजारी, वैद्य, आग विझवणारा हे सगळे रस्त्यावर भटकतात आणि चौक आला की मनाला येईल तिकडे वळतात. चौक जास्त असतील तर विक्रेती भलतीकडे जाते. ग्रॅनरीत धान्य पडून असतं आणि घरं उपाशी असतात. म्हणून वस्तीचा रस्ता एकच गोल फिरवायचा, आत फाटे फोडायचे नाहीत आणि वस्तीतून बाहेर पडणाऱ्या तोंडावर रोडब्लॉक टाकायचा. भटकणारे तिथून मागे फिरतात. माल वाहणारे गाडीवाले आणि खरेदीला निघालेली बझारची बाई यांना रोडब्लॉक अडवत नाही. याच कंपनीच्या आधीच्या सीझर थ्री या खेळात ही सोय नव्हती, फॅरोत आली आणि खेळ बदलला.

दुसरं म्हणजे नव्या आवृत्तीत कामगारांचा एकच सामाईक गट ठेवायचा पर्याय आहे. तो चालू करा, म्हणजे प्रत्येक इमारतीने वस्तीतून माणूस शोधत फिरायची भानगड राहत नाही.

आणि तिसरं, माझं मत: पूरशेतीवर गाव उभंच करू नका. शिपराइट (होड्या बांधणारा) बसवा, मासेमारीच्या होड्या काढा, मासे बारमाही मिळतात. शिकार आहेच, फक्त कळप पूर्ण संपवायचा नाही, थोडी जनावरं वाढीला ठेवायची. पुराच्या भरवशावर राहण्यात काय अर्थ आहे?

गेजवाला | सोमवार, सकाळी 6:15

रानजाई ताई, तुमची वही दोनदा वाचली. इतका स्वच्छ हिशोब कुणी दिला की उत्तर द्यायला हुरूप येतो.

मी पाटबंधारे खात्यात 31 वर्षं काढली, त्यातली निम्मी कृष्णेच्या पूरमापनात. पावसाळ्यात दर तासाला गेज, म्हणजे पाण्याची उंची दाखवणारी पट्टी, वाचायचं, वहीत लिहायचं, वायरलेसवर पुढे कळवायचं. निवृत्तीनंतर नातवाने हा खेळ दाखवला, 1999 चा जुना. पहिल्याच रात्री पुरोहितांचा निरोप आला की येणारा पूर असा असा असेल, आणि मी खुर्चीत सरळ बसलो. आयुष्यभर जे काम केलं ते या खेळात देवळातली माणसं करत होती.

तुमच्या वहीत वस्ती आहे, शेतं आहेत, साठा आहे. पुराच्या अंदाजाचा रकाना नाही. पूर कसा आला हे तुम्ही नंतर लिहिलंत. तो निरोप आधी येतो, आणि त्या वर्षी घरांसाठी नवी जागा टाकायची की नाही हे त्या निरोपावर ठरवायचं असतं. तुम्ही गाव उत्तम पुरावर मोजलंत. पहिल्या वर्षी 14 महिन्यांचं धान्य दिसलं म्हणून 800 माणसं वाढवलीत. मध्यम पुरात जेवढं पिकतं तेवढ्यावर जितकी माणसं जगतील तितकीच वस्ती ठेवायची, आणि उत्तम वर्षाचं वरचं धान्य तसंच राहू द्यायचं. तुमच्याच आकड्यांवरून सांगतो, आठ शेतांवर हजार ते अकराशेच्या पुढे जाऊ नका. जागा टाकली नाही तर माणसं येत नाहीत, हे तुमच्या हातात आहे.

खऱ्या इजिप्तमध्ये हा आकडा कसा धरायचे ते सांगतो. अस्वानसमोर एलिफंटाइन नावाचं बेट आहे, खेळात त्याचं नाव अबू. तिथे नदीत उतरणारा दगडी जिना आहे आणि भिंतीवर खुणा आहेत. नाईल किती चढली ते या खुणांवरून वाचायचे. माप हातात. आपला हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, त्यांचाही तोच, फक्त त्यांचा राजहात सुमारे 52 सेंटिमीटरचा. एका राजहाताचे सात तळवे, तळव्याची चार बोटं. पाचव्या राजघराण्याच्या काळातला एक कोरीव दगड आहे, आज इटलीत पालेर्मोला ठेवलाय, त्याच्यावर वर्षामागून वर्ष राजांची नोंद आणि खाली त्या वर्षीच्या पुराची उंची हात, तळवे आणि बोटांत. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं पूररजिस्टर. त्याचं चित्र मी छापून घेऊन टेबलावर काचेखाली ठेवलं आहे.

पुढे रोमन काळात प्लिनी नावाच्या लेखकाने नोंदवलं की पूर 12 हात चढला तर उपासमार, 13 लाही भूकच, 14 ला आनंद, 15 ला निर्धास्ती आणि 16 ला सुख. चार हातांच्या फरकात उपासमारीपासून सुखापर्यंत. आमच्याकडे सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांना धोक्याची पातळी गाठतं, आणि 2019 ला ते 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा मी निवृत्त होतो, तरी रात्रभर जागा होतो आणि मनात आकडे मोजत होतो. आमचा आकडा वर चढला की धास्ती, त्यांचा खाली राहिला की धास्ती. मोजणाऱ्याची झोप दोन्हीकडे सारखीच उडते.

आता तुमच्या गावाकडे.

वर्क कॅम्प तिन्ही पिरॅमिडजवळ ठेवलेत ही मोठी चूक. पूरपट्ट्यातल्या शेतांत राबायला माणूस वर्क कॅम्पमधूनच जातो. तिकडून चालत शेतापर्यंत येईस्तोवर दिवस जातात आणि दोन-तीन शेतांना माणूस मिळतच नाही. शेतावर टिचकी मारून बघा, माणूस नाही असं लिहून येईल. दोन कॅम्प पूरपट्ट्याच्या कडेला आणा, एक पिरॅमिडजवळ राहू दे. पूर चढला की शेतं पाण्याखाली जातात, त्या महिन्यांत सगळेच दगडाकडे मोकळे होतात. म्हणून बाकीच्या महिन्यांत खाणीतून दगड काढून स्टोरेज यार्डात साठवून ठेवायचा, सुतारांच्या रॅम्पसाठी लाकूडही आणून ठेवायचं. पूर आला की माणसं आहेत, दगड आहे, लाकूड आहे, असं व्हायला हवं. तुम्ही बहुतेक उलट केलंत, दगड पुराच्या वेळी संपला असेल आणि पेरणीच्या वेळी भरपूर असेल.

शेतं नदीला लागून घ्या. पूर कमी आला की लांबच्या कडेपर्यंत पाणी पोचत नाही, त्या शेताचा कस उतरतो. चाऱ्या काढून शेतं भिजवता येतात, तेही करा.

ओसिरिसला दोन छोट्या देवस्थानांवर ठेवलंत आणि प्ताहला दोन देवळं दिलीत. पूर ओसिरिसच्या हातात आहे. त्याचं देऊळ बांधा, वर्षातून एक उत्सव त्याच्या नावाने करा. उत्सवाचा चौक गावात एकदाच बांधता येतो आणि तो रस्त्यांच्या चौकावरच बसतो, तेव्हा जागा आधीच राखा.

साठ्याचं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद, हंगामाचा माल महिनोन्महिने आत. तसं एक पेव गावाला द्या. दुसरी ग्रॅनरी शेताजवळ, बझारांपासून लांब बांधा. बझारच्या बायका जवळच्या ग्रॅनरीवर जातात, लांबची शिल्लक राहते. वाईट वर्ष आलं की लांबच्या ग्रॅनरीला रिकामी करायचा हुकूम द्यायचा, धान्य जवळच्या ग्रॅनरीत येतं. सुगीच्या आधी दोन्हींत जागा मोकळी आहे ना ते बघा, कारण पूरपट्ट्यातलं पीक सगळं एकदमच येतं आणि गाडीवाल्याला रिकामं करायला जागा लागते.

निशाचर, रस्त्यांचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं, रोडब्लॉकशिवाय मीही चालत नाही. मासे मात्र जोडीला ठेवावेत. या खेळाचा जीव त्या पुरात आहे. आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू होतो त्याच सुमारास इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस लागतो, तो निळ्या नाईलमधून आणि अटबारातून गाळ घेऊन उतरतो. इजिप्तमध्ये पावसाचा थेंब नाही आणि नदी उन्हाळ्यात चढते. व्याधाचा तारा पहाटे पुन्हा दिसू लागला की वर्ष सुरू, आणि पाणी येणार. पाणी महिना-दीड महिना बांधात उभं राहायचं, ओसरलं की काळ्या गाळात पेरायचं. ताई, तुमच्याजवळ उजनीच्या फुगवट्यात पाणी मागे सरलं की लोक गाळपेर करतात ना, हाताने बी टाकून? तोच जिव्हाळा. अस्वानचं मोठं धरण 1970 ला पुरं झालं आणि तो गाळ आता धरणाच्या मागे बसतो. जे प्रत्यक्षात थांबलं ते या खेळात दरवर्षी बघायला मिळतं. मी पूर चढताना खेळाचा वेग कमी करतो आणि नुसता बघत बसतो.

पपायरस | सोमवार, दुपारी 2:48

गेजवाला काका, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. मी कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवते. पालेर्मोच्या दगडाला 'पूररजिस्टर' म्हणायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

रानजाई, खेळाचं उत्तर तुम्हाला मिळालंय, मी त्याच्या बाजूचं थोडं सांगते. या खेळात पिरॅमिड गुलाम बांधत नाहीत, गावातलीच माणसं बांधतात, हे मला फार मोलाचं वाटतं. 1990 च्या सुमारास गिझाला पिरॅमिड बांधणाऱ्यांची थडगी सापडली, आणि दक्षिणेला त्यांची वस्ती उत्खननात मिळाली. भाकरीच्या भट्ट्या, गुरांची, शेळ्या-मेंढ्यांची हाडं. माणसं राबत होती आणि खात होती, आणि मेल्यावर राजाच्या पिरॅमिडजवळ पुरली जात होती.

2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, वादी अल-जर्फला, पिएर ताले यांच्या उत्खननाच्या गटाला लिहिलेले पपायरस, म्हणजे त्या नावाच्या वनस्पतीपासून केलेले जुने कागद, मिळाले. आजवर सापडलेले सगळ्यात जुने. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली सुमारे 40 माणसं. तुराच्या खाणीतून पांढरी चुनखडी होडीत भरायची, गिझाला खुफू राजाच्या पिरॅमिडपाशी उतरवायची, परत जायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आज कुठे मुक्काम, आज काय भरलं, आज कुणी शिधा आणला. रानजाई, तुमच्या वहीत आणि मेरेरच्या वहीत साडेचार हजार वर्षांचं अंतर आहे, पण लिहिण्याची शिस्त एकच. मला तुमची पोस्ट वाचताना तोच आठवला.

काकांच्या एका मुद्द्यात थोडी भर घालते. पुरात शेतकरी रिकामे म्हणून पिरॅमिडवर, हे खेळाने सोपं करून घेतलं आहे. मेरेरच्या खेपाही पुराच्या महिन्यांतल्या आहेत, पण त्याचं कारण पाणी: पूर चढला की कालव्यांतून होडी पिरॅमिडच्या जवळपर्यंत जायची. त्याची टोळी बारमाही कामावर होती, पूर ओसरल्यावर तिला दुसरी कामं होती. गिझाची वस्तीही बारमाही कारागिरांची होती, हंगामी माणसं त्यांच्या भरीला यायची.

आणि जिथे खेळ खरोखर चुकतो ते सांगते, कारण तुमच्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे. खजिन्यात सोनं आणि गाव उपाशी, असं तुम्ही लिहिलंत. खेळात पगार देबेनमध्ये देतात, जणू नाणीच. देबेन हे मुळात वजन होतं, पुढच्या काळात सुमारे 91 ग्रॅमचं, आणि वस्तूंची किंमत त्यात सांगायचे. नाणी पिरॅमिडच्या काळात नव्हतीच. मजुरी म्हणजे भाकरी आणि बिअर, आणि दोन्हींच्या मागे धान्य. आपल्याकडे बलुतेदाराला खळ्यावर धान्याचं बैतं मिळायचं, त्याच्या जवळची गोष्ट. कोठार रिकामं म्हणजेच खजिना रिकामा. तिसरा रामसेस या राजाच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी देर अल-मदिनाच्या कारागिरांनी थडग्यांचं काम टाकून बैठक मारली ती शिधा वेळेवर आला नाही म्हणून. ती हकीकत लिहिलेला पपायरस आज इटलीत तुरिनमध्ये आहे.

वाईट वर्षाबद्दल अजून एक. 'जुनं राज्य', म्हणजे पिरॅमिड बांधणाऱ्या राजांचं राज्य, कोसळलं त्यानंतरच्या काळातला अंखतिफी नावाचा एक सरदार होता, त्याचं थडगं मोअल्लाला आहे. त्याने भिंतीवर आपला पराक्रम कोरून घेतला आहे. लढायाही आहेत, पण मोठ्या अभिमानाने सांगितलेली गोष्ट ही की सगळा वरचा (म्हणजे दक्षिणेकडचा) इजिप्त भुकेने मरत असताना माझ्या मुलखात कुणी भुकेने मेलं नाही, आणि मी शेजारच्या मुलखांनाही धान्य दिलं. त्यात अतिशयोक्ती असेल. पण त्या काळात माणसाला आपल्या थडग्यावर काय लिहावंसं वाटलं, ते मला महत्त्वाचं वाटतं.

निशाचर_24 | सोमवार, रात्री 10:20

मेरेरबद्दल काहीच माहीत नव्हतं. आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तेच वाचत बसलो.

काका, मी मासे म्हणालो कारण मलाही पहिल्यांदा पुरानेच बुडवलं होतं आणि मग मी तो पट्टा सोडूनच दिला. इतकी वर्षं मी अंदाजाचा निरोप न वाचता बंद करत आलो. आज फक्त पूरशेतीवर नवा मॅप सुरू करतोय.

ताई, एक राहिलं. वर्क कॅम्पही वस्तीतूनच माणसं घेतात. पूरपट्ट्याकडे हलवाल तेव्हा सामाईक गट चालू नसेल तर जवळ दोन-चार घरं ठेवा, नाहीतर कॅम्प रिकामाच राहील.

रानजाई | बुधवार, रात्री 11:05

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी रात्री नवीन गाव मांडलं. वहीत 'अंदाज' असा रकाना आखला, लाल शाईने.

काका, शेतावर टिचकी मारून बघितलं, जुन्या सेव्हमध्ये. आठपैकी तीन शेतांना माणूस मिळालाच नव्हता. तीन वेळा गाव मांडलं, पण शेत उघडून एकदाही बघितलं नव्हतं, मी सारखी ग्रॅनरीच बघत होते.

नव्या गावात वस्ती 1,000 वर थांबवली. थांबवणं अवघड गेलं. बाहेर माणसं यायला तयार आहेत, खजिन्यात पैसा आहे, जमीन मोकळी आहे, आणि मी जागा टाकत नाही. निशाचर, रस्ता एकच गोल, दोन तोंडांना रोडब्लॉक. बझारची बाई आता दर फेरीला प्रत्येक घरापुढून जाते.

पहिली दोन वर्षं पूर चांगले आले. लांबच्या ग्रॅनरीचं नाव वहीत 'पेव' लिहिलंय. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दोन्ही मिळून 19 महिने. तिसऱ्या वर्षी अंदाजाचा निरोप आला: पूर कमी येणार. मी खेळ थांबवला आणि चहा करून घेतला, मग परत बसले. दगडाच्या खाणीतली निम्मी माणसं कमी केली, ओसिरिसचा उत्सव ठरवला. पूर अंदाजाइतकाच कमी आला. वरच्या बाजूची दोन शेतं कोरडीच राहिली. सुगीनंतर नवं धान्य सहा महिन्यांचं. नवव्या महिन्यात पेव रिकामं करायचा हुकूम दिला आणि गाडीवाले तिथून निघाले.

एकही घर खाली उतरलं नाही.

पपायरस, हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि खाली अंखतिफीचं नाव लिहिलं. माझी मुलगी सातवीत आहे, तिने विचारलं हा कोण, मग तिला सगळं सांगितलं. मेरेरचंही. तिने विचारलं की मेरेरच्या वहीत शेवटच्या पानावर काय आहे. मला सांगता आलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर लिहाल का?

पपायरस | गुरुवार, सकाळी 8:10

मुलीचा प्रश्न छान आहे. वही सलग मिळालेली नाही, तुकडे मिळालेत, त्यामुळे शेवटचं पान असं नाही. तिला एवढं नक्की सांगा: ती माणसं पुढे तांबड्या समुद्राच्या बंदरावर कामाला गेली, तिथे होड्या ठेवायला डोंगरात खोदलेल्या गुहा होत्या, आणि कागद त्या गुहांच्या तोंडाशी मोठ्या दगडांमध्ये राहिले. म्हणून ते टिकले. नाईलकाठच्या ओल्या गाळात असते तर आज आपल्याला मेरेरचं नाव कळलं नसतं.

गेजवाला | गुरुवार, सकाळी 9:30

ताई, 19 महिने वाचून फार आनंद झाला. नवव्या महिन्यापर्यंत पेव उघडलं नाही हेही बरोबर केलंत. आता लगेच वस्ती वाढवू नका, कमी पुरानंतर शेतांचा कस उतरलेला असतो. एक चांगला पूर शेतांवरून जाऊ दे. तोवर दगड साठवा.

रानजाई | रविवार, रात्री 11:40

चौथ्या वर्षी पूर उत्तम आला. वेग कमी करून बघितला, काका म्हणाले तसा. मुलगी शेजारी बसली होती. आधी कडेची शेतं गडद झाली, मग रस्त्यांच्या मधलं सगळं पाणी. वर्क कॅम्पमधून माणसं निघाली आणि दगडाच्या घसरगाड्या ओढत वर गेली. यार्डात दगड भरलेला होता, त्यामुळे पाणी उतरेपर्यंत काम एकदाही थांबलं नाही.

आज सातवं वर्ष संपलं. वस्ती 1,150, साठा 16 महिने, पिरॅमिडची चौथी पायरी सुरू आहे. आता बाहेरच्या चुनखडीचा प्रश्न आलाय, ती माझ्या नकाशावर मिळत नाही, बाहेरून आणावी लागेल. व्यापाराचे मार्ग कुठून उघडायचे त्याचा वेगळा धागा उद्या दुकान बंद केल्यावर काढते.